पौंडातली विंच

भाजीवालीच्या काट्यावर काहीही ठेवलेले नसताना तो शून्य दाखवतो की नाही, हे पाहिल्याखेरीज त्यांनी आयुष्यात कधी आल्याचा तुकडासुद्धा विकत घेतला नाही. काट्याने शून्य दाखवले की ते मान डोलावत. दाखवले नाही, तर "बाई, तुमचं शून्य चढलंय" असे सांगून तेथेच उभे राहत, आणि शून्य उतरेपर्यंत मागच्या गिऱ्हाइकाला पुढे सरकू देत नसत. त्यांच्या मागे उभा राहून मी पुष्कळदा खोळंबलो आहे. खोळंबा मला मुळीच सहन होत नाही. परंतु हा खोळंबा कायदेशीर होता, म्हणून मी तो सोसत असे.

त्यांचे नाव मी येथे देत नाही. त्यांनी तशी परवानगी दिलेली नाही. परवानगीसाठी मी त्यांना रीतसर पत्र लिहिले होते, त्यावर "नावाला वजन नसतं" एवढेच उत्तर आले. हा नकार समजायचा की नाही याबद्दल दुमत संभवते. मी नकार समजतो.

ते वजनमापे निरीक्षक होते. निवृत्त झाल्यावरही निरीक्षण थांबले नाही, फक्त भत्ता थांबला. मूळचे धायरीचे, शेतकरी घरातले. नोकरीत असताना सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत, बरोबर माझ्या खालचा फ्लॅट त्यांनी घेतला. हल्ली ते पुण्यात फारसे नसतात. त्यांच्या घरी आता आयटीतली तीन मुले भाड्याने राहतात, जी पाकिटावरचे वजन न वाचता वस्तू विकत घेतात आणि सुखी दिसतात.

बुधवार पेठेत मिठाई घेतानाचा त्यांचा प्रसंग मी स्वतः पाहिलेला आहे. दुकानदाराने पेढे खोक्यात भरले आणि खोके काट्यावर ठेवले. ते म्हणाले, "खोकं खाली काढा." दुकानदार म्हणाला, काका, खोक्याचे असे कितीसे वजन असते. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मला माहीत नाही. मी खोकं खात नाही." दुकानदाराने पेढे पुन्हा काढले, पुन्हा तोलले आणि दोन पेढे जास्त टाकावे लागले. ते दोन्ही पेढे त्यांनी रांगेतल्या मागच्या दोघांना दिले. एक मला मिळाला. "छापलेलं वजन हे विकणाऱ्याचं मत असतं," हे त्यांचे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

माझ्याविषयी सांगणे भाग आहे म्हणून सांगतो. मी एका बँकेच्या विधी विभागातून निवृत्त झालो. कायद्याची पदवी आहे, वकिली कधी केली नाही. तरीही ते मला "वकीलसाहेब" म्हणत आणि मी ती चूक दुरुस्त करीत नसे. मला राग येतो, म्हणून मी पत्रे लिहितो. पदपथावर लावलेल्या दुचाक्या, गतिरोधकांच्या नावाखाली रस्त्यावर घातलेले डोंगर, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशा बेकायदेशीर पाट्या, यांवर मी लिहितो. लिहिल्याने राग जात नाही. तो मुद्देसूद होतो.

आमची ओळखही अशाच एका पत्रातून झाली. निवृत्तीनंतर त्यांनी अचानक एक जुनी, चारही चाकांना जोर असलेली जीप आणून इमारतीच्या आवारात उभी केली. ती जीप पार्किंगच्या पांढऱ्या रेघेबाहेर वीतभर येत होती. मी सोसायटीच्या सचिवांना पत्र दिले, प्रत त्यांना दिली. त्याच संध्याकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. हातात पोलादी टेप होता आणि त्या टेपवर पडताळणीचा शिक्का होता. घरच्या टेपवर शिक्का मारून घेणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. त्यांनी मला खाली नेले, टेपचे एक टोक माझ्या हाती दिले आणि मंजूर नकाशाबरहुकूम आम्ही दोघांनी सबंध आवार मोजले. रंगाऱ्याने सगळ्याच रेघा चुकीच्या मारल्या होत्या. ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमची तक्रार बरोबर आहे. आरोपी चुकलाय." दुसऱ्या दिवशी मी रेघेविरुद्ध पत्र दिले. आमची मैत्री तेव्हापासूनची.

जीप कशासाठी, हे मला वहिनींकडून कळले. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मूळच्या वेल्ह्याच्या पुढे डोंगरावर, एका पठारावरच्या वाडीतल्या. आईवडील गेले, वाडीत उरली ती थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणत. ताईने धाकटीला मांडीवर वाढवलेले, पाठीवर घेऊन शाळेत पोचवलेले. आता वहिनींचे दोन्ही गुडघे गेले होते. जिन्याच्या पायऱ्याही त्या एकेक करून, कठड्याला धरून उतरत. ताईचे वय त्याहून पुढचे. तीही वाडी सोडून खाली उतरू शकत नव्हती. डांबरी रस्ता डोंगराच्या पायथ्याशी संपतो. पुढची चढण लाल मातीची, पाऊस उलटून गेल्यावरही कित्येक आठवडे चिखलाने भरलेली, आणि उन्हाळ्यात तिच्यातले दगड उघडे पडलेले. या रस्त्याबाबत मी संबंधित कार्यालयास पत्रे पाठवली. उत्तर एकदाच आले: सदर रस्ता बारमाही आहे. चिखल बारमाही आहे असा त्याचा अर्थ घ्यावा लागतो.

फोनचा पर्याय होता. पण ताईला फोनवर ऐकू येत नसे. दर रविवारी वहिनी फोन लावत. वाडीतले कोणीतरी फोन ताईच्या कानाशी धरी. ताई दोन-तीनदा "काय? काय?" म्हणे आणि फोन परत देऊन टाकी. वहिनींचा चेहरा मग दुपारपर्यंत उतरलेला असे. डोलीतून न्यायची सूचना कोणीतरी केली होती. वहिनींनी ती फेटाळली होती. "माहेरी मी पाहुणी म्हणून जाईन, प्रेत म्हणून नाही," असे त्या म्हणाल्या होत्या.

म्हणून जीप. आणि जीप एकटी त्या चढणीला पुरणार नाही, म्हणून विंच.

विंच म्हणजे जीपच्या पुढच्या बंपरवर बसवायचे, बॅटरीवर फिरणारे एक रीळ. त्यावर तारेचा दोर गुंडाळलेला असतो. गाडी रुतली की दोर सोडायचा, पुढे एखाद्या झाडाला किंवा खडकाला बांधायचा आणि बटण दाबायचे. रीळ दोर गुंडाळू लागते आणि गाडी स्वतःच स्वतःला वर ओढून घेते. एवढेच ते यंत्र. दुसऱ्या कोणाही माणसाने ते शनिवारी पाहून रविवारी बसवले असते. यांनी दोन पावसाळे घेतले.

सुरुवात त्यांच्या परीने वेगवान होती. त्यांनी जीप वजनकाट्यावर नेली. आधी काट्याचे प्रमाणपत्र मागून पाहिले, मग जीप रिकामी तोलली, मग वहिनींना बसवून तोलली, मग ताईसाठी न्यायच्या डब्यांसकट तोलली. जीपच्या भाराच्या दीडपट ओढ असलेली विंच पाहिजे, हे ठरले. दोर तारेचा की कृत्रिम धाग्याचा यावर आमच्या गच्चीत बरेच दिवस चर्चा झाली. धाग्याचा हलका आणि कमी धोक्याचा, हे त्यांना मान्य होते. तरी त्यांनी तार निवडली. "तार तुटायच्या आधी कुरकुरते. धागा न सांगता जातो. मला तक्रार करणाऱ्या वस्तू आवडतात," असे ते माझ्याकडे पाहून म्हणाले. विंच बंपरच्या बाहेर येता कामा नये आणि वाहनातल्या बदलाची रीतसर नोंद झाली पाहिजे, मोटार वाहन कायद्याचे कलम बावन्न, एवढी माझी अट होती. ती त्यांनी मी बोलून पूर्ण करण्याआधी मान्य केली.

मग आम्ही नाना पेठेत गेलो. सुट्या भागांच्या एका मोठ्या दुकानात एका तरतरीत विक्रेत्याने आमच्यापुढे विंच ठेवली.

"अंकल, हे बेस्ट पीस आहे. साडेनऊ हजार."

"साडेनऊ हजार काय?"

"पाउंड्स, अंकल. लाइन पुल."

त्यांनी चष्मा काढून पुसला. ही वाईट खूण होती. या देशात वस्तूवर माप छापायचे तर ते मेट्रिक पद्धतीतच छापले पाहिजे, पौंड या शब्दाला या देशात फक्त इतिहासात जागा आहे, हे त्यांनी त्याला अत्यंत सभ्य शब्दांत सांगितले. विक्रेता म्हणाला, अंकल, सगळे असेच विकतात, किलोमध्ये कन्व्हर्ट करून मी मोबाइलवर लगेच सांगतो. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही सांगू नका. लेबलाला सांगू द्या." आणि आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

मला त्या दिवशी अतिशय आनंद झाला हे मी लपवत नाही. असा स्वच्छ, निर्विवाद, एका ओळीत सिद्ध होणारा नियमभंग माझ्या हाती पुष्कळ वर्षांत लागला नव्हता. मी आयातदाराला लिहिले. दुसऱ्या आयातदाराला लिहिले. ग्राहक संघटनेला लिहिले, वजनमापे खात्याला लिहिले. पाठवण्याआधी त्यांनी ती पत्रे वाचून कलमांचे आकडे तपासून दिले. पुण्यात मिळणाऱ्या झाडून सगळ्या विंच पौंडातल्याच होत्या. एका आयातदाराने कळवले की पौंड हे आंतरराष्ट्रीय परिमाण आहे. मी त्याला चार पानी उत्तर दिले. अशा रीतीने पहिला पावसाळा गेला.

मध्यंतरी त्यांना दुसरी एक गोष्ट सापडली, आणि तिने प्रकरण अधिकच चिघळले. लेबलावर छापलेली ओढ मिळते ती रिळावर दोराचा अगदी आतला थर उरलेला असताना. वरच्या थरांवर दोर असेल तर ओढ बरीच कमी पडते. म्हणजे दोर बहुतेक सगळा सोडलेला असतानाच लेबल खरे. "रिकाम्या पोटी किती धावतो ते छापायचं आणि जेवल्यावर शर्यत लावायची," ते म्हणाले. माझ्या पत्रांत आणखी एक परिच्छेद वाढला. दुसरा पावसाळा आला. जीप आवारात, आता दुरुस्त झालेल्या रेघेच्या आत, धूळ आणि पाणी खात उभी राहिली.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी सकाळी मी नव्या पत्राचा मसुदा घेऊन खाली गेलो. वहिनींनी पोहे दिले आणि ताईला फोन लावला. पलीकडून नेहमीसारखे "काय? काय?" ऐकू आले; त्या खेपेस ते नेहमीपेक्षा क्षीण होते. फोन धरणाऱ्या बाईंनी सांगितले की ताईने दोन दिवस अंथरूण धरले होते, आता बरी आहे. वहिनींनी फोन ठेवला, आमच्या समोर येऊन बसल्या आणि माझ्या हातातल्या मसुद्याकडे पाहिले.

"अहो, मला एक सांगा. पौंड लिहिलेली विंच ओढत नाही का?"

"ओढते."

"मग अडलंय कुठं?"

"चुकीच्या मापात ओढते."

"माझी ताई चुकीच्या मापात म्हातारी होत नाहीये," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुमचं लेबल दुरुस्त होईल, भाऊजींचं पत्रही छान होईल. पण ताईवर कुणी निरीक्षक नेमलेला नाही. ती थांबणार नाही."

आम्ही दोघांनी पोहे संपवले. मी मसुदा घडी घालून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले आणि फक्त "चला" म्हणाले. नाना पेठेतला तो विक्रेता आम्हाला विसरला नव्हता. "अंकल, फायनली पटलं?" त्याने विचारले. ते म्हणाले, "तुमचं नाही. बायकोचं." विंच घेतली. रिक्षात ती दोघांच्या मांडीवर आडवी ठेवून आणली. त्या सबंध वाटेत लेबल त्यांनी माझ्या बाजूला फिरवून ठेवले होते.

जीपवर बसवल्यावर, वापरण्याआधी त्यांनी ती तोलली. त्याशिवाय ती त्यांची झालीच नसती. भोसरीत त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थाचा छोटा कारखाना होता. तेथे क्रेनला लटकवायचा मोठा काटा होता. कारखान्याच्या भक्कम खांबाला काटा अडकवला, काट्याला विंचचा दोर, जीपच्या चाकांखाली ठोकळे. आणि आम्ही सगळे लांब भिंतीआड उभे राहिलो. आधी अर्थातच शून्य पाहिले. मग एकेक थर कमी करीत त्यांनी ओढ मोजली. आतल्या थरावर ती लेबलापेक्षा किंचित कमी भरली, वरच्या थरावर बरीच कमी, आणि तरीही आमच्या चढणीला ती पुरेशी होती. काम दुपारी आटोपले. ते इतके समाधानी दिसत होते की मी त्यांना आपणहून चहा पाजला.

चहा पिता पिता त्यांनी खिशातून एक कोरे लेबल काढले. पौंडावर डकवायला ते त्यांनी आणले होते. पेन टेकवले आणि थांबले. मग अतिशय हळू आवाजात म्हणाले, "वकीलसाहेब, ओढ म्हणजे बल. बलाचं कायदेशीर माप किलो नाही. न्यूटन."

मी कप खाली ठेवला. दोन पावसाळे आम्ही किलो मागत होतो. प्रत्येक पत्रात, प्रत्येक स्मरणपत्रात, अधोरेखित करून किलो. उभी हयात तराजूंमध्ये गेलेल्या या माणसाला वजन सोडून दुसरे काही मोजता येते याची आठवणच राहिली नव्हती, आणि मी त्यांच्या शब्दावर कलमे चढवली होती. ज्या आयातदाराला मी चार पानी उत्तर दिले होते, त्याने फक्त एक ओळ परत लिहिली असती तर आम्ही दोघे संपलो होतो. मला भयंकर राग आला. मी त्यांच्याशी बोलणे बंद केले. तेही फक्त चहा संपेपर्यंत.

त्यांनी लेबलावर मराठी आकड्यांत न्यूटन लिहिले, थरांप्रमाणे, स्वच्छ अक्षरात, आणि ते पौंडांवर चिकटवले. मूळ लेबलावर दुसरे लेबल चिकटवणाऱ्या दुकानदारांवर त्यांनी नोकरीभर खटले भरले होते. "कारवाई करायची तर करा," ते मला म्हणाले. मी विचार केला. नव्या लेबलातली ओढ मूळ लेबलातल्या ओढीहून कमी होती. कोणाही ग्राहकाची फसवणूक झालेली नव्हती. वस्तू विक्रीसाठी नव्हती. मी ते प्रकरण तेथेच निकाली काढले. घरी आल्यावर वहिनींनी लेबल वाचले आणि विचारले, "न्यूटन म्हणजे काय हो?"

"पुरेसं," ते म्हणाले.

नोंदणीचे सोपस्कार झाल्यावर, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही निघालो. वहिनी पुढे, मी मागे डब्यांबरोबर. वेल्ह्याच्या पुढे रस्ता आखडत गेला, मग डांबर संपले आणि चढण सुरू झाली. निम्मी चढण जीपने विंचशिवाय पार केली. एका वळणावर मात्र डोंगरातून पाझरणारे पाणी रस्त्यावर साठून लाल लोणी झाले होते. पुढची चाके त्यात शिरली, मागची आपल्या जागी फिरू लागली, आणि जीप दारापर्यंत खाली बसली. ते प्रसन्न चेहऱ्याने उतरले. दोन पावसाळे ज्या क्षणासाठी गेले तो समोर होता.

वळणाच्या वरच्या अंगाला देवराई होती. प्रचंड, जुनी झाडे. सर्वांत पुढचे झाड तर दोर बांधण्यासाठीच उभे केल्यासारखे होते. बाकी उतार उघडा. धरायला एक खडकही नव्हता. ते दोर घेऊन झाडाकडे निघाले, तोच वरून एक मध्यमवयीन गृहस्थ आले. देवराईची राखण आणि देवाची पूजा त्यांच्या घराकडे होती.

"झाडाला दोर नका लावू. देवाचं हाय ते."

ते थांबले. झाडाच्या सालीला धक्काही लागणार नाही, खाली गोणपाट घालतो, पाच मिनिटांचे काम आहे, असे त्यांनी समजावले. पुजाऱ्यांनी ऐकून घेतले आणि मान हलवली. मी विचारले की हा नियम कोठे लिहिलेला आहे का.

"लिवलेला नाय कुठं. पन आजवर कुनी मोडला नाय."

मी आयुष्यभर लिहिलेल्या नियमांमागे पळत आलो. ते सगळे लिहिलेले होते आणि सगळे मोडलेले होते. त्या झाडांकडे मी पाहिले. कोणत्याही फांदीवर कुऱ्हाडीची खूण नव्हती, दोराचा वळ नव्हता, खिळा नव्हता, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक नव्हता. मी निरीक्षकांना सांगितले की परंपरेने चालत आलेली आणि सर्वांनी पाळलेली रूढी हाही कायदाच असतो आणि येथे तो लागू आहे.

चिखलात उभे राहून, दोराचे टोक हातात धरून ते माझ्याकडे पाहत राहिले. मागे जीपमध्ये वहिनी बसलेल्या होत्या, वर ताई होती, आणि मध्ये मी.

"वकीलसाहेब, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"झाडाच्या," मी म्हणालो.

ते रागावतील असे मला वाटले. त्यांनी झाडाकडे पाहिले, पुजाऱ्यांकडे पाहिले, आणि पेठेत शून्य दाखवणाऱ्या काट्यापुढे डोलवत तशी मान डोलावली. मग जीपच्या पाठीवरचे जादा चाक सोडवायला लागले. झाड नसेल तर चाक जमिनीत पुरायचे आणि दोर त्याला बांधायचा. हे त्यांनी कोठेतरी वाचले होते, करून कधी पाहिले नव्हते. पुजारी घरी जाऊन टिकाव, फावडे आणि आपला भाऊ घेऊन आले. रस्त्याच्या मधोमध, चढणीवर वरच्या बाजूला, कमरेइतका खड्डा खणला. चाक त्यात उभे ठेवले, त्याच्या पोटातून साखळी काढली, माती लोटून तुडवली. तुडवण्यात मीही होतो. माझ्या पायांतल्या वहाणा त्या खड्ड्यात राहिल्या त्या राहिल्या.

भार कमी व्हावा म्हणून वहिनींनी उतरावे असे मी सुचवले. त्या म्हणाल्या, "बसले ती वर उतरायला. मध्ये उतरणार नाही."

"बसू दे. तिचं वजन मी हिशेबात धरलंय," ते म्हणाले.

"किती धरलंय?"

मापाचा आकडा माहीत असताना त्यांनी तो सांगितला नाही, असे माझ्या समोर घडलेले हे एकमेव उदाहरण होय.

तार तुटली तर उसळू नये म्हणून तिच्यावर एक गोधडी भिजवून घातली होती. त्यांनी आम्हाला लांब उभे केले आणि बटण दाबले. विंच घुमू लागली. तार जमिनीवरून उठली, ताठ झाली, आणि कुरकुरली. पुरलेले चाक मातीसकट आमच्या दिशेने सरकले. पुजाऱ्यांच्या भावाने देवाचे नाव घेतले. आणि मग चाक धरून बसले. जीप आधी हललीच नाही. मग चिखलाने एक मोठा उसासा सोडावा तसा आवाज आला आणि ती आत बसलेल्या वहिनींसह इंच इंच वर येऊ लागली. वहिनी दोन्ही हात मांडीवर ठेवून, पालखीत बसल्यासारख्या, सरळ समोर पाहत होत्या. ते तारेवरची नजर काढत नव्हते. ओठ हलत होते. मला वाटते ते न्यूटन मोजत होते. पुजाऱ्यांचे मत वेगळे होते.

ताई घराच्या पडवीत सुपात शेंगा सोलत बसली होती. वहिनी नवऱ्याच्या दंडाला धरून, एकेक पाऊल टाकत गेल्या, ताईजवळ टेकल्या आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने ओरडल्या, "ताई, मी आलेय."

"वरडतीस कशापायी?" ताई म्हणाली. "बहिरी हाय का मी?"

वहिनी गडबडल्या. फोनवर तर तुला काहीच ऐकू येत नव्हतं, असे काहीसे त्या म्हणाल्या. ताईने हातातली शेंग सोलून पुरी केली.

"फोनवर ऐकू आलं असतं, तर तू आली असतीस व्हय?"

वहिनींनी सुपातल्या मूठभर शेंगा आपल्या ओच्यात घेतल्या. "लबाड हाईस तू," त्या म्हणाल्या. पुण्यात इतकी वर्षे त्यांच्या तोंडून 'हाईस' मी ऐकले नव्हते. दोघी सोलू लागल्या. आम्ही दोघे तेथे आहोत हे त्यांना आता आठवत नव्हते, आणि ते योग्यच होते.

मी बाहेर आलो. ते जीपपुढे उकिडवे बसून, चिखल पुसत, दोर थराला थर लावून रिळावर गुंडाळत होते. काम नीट चालले होते. ते वर पाहत नव्हते.

"ती राहते म्हणतेय," ते थोड्या वेळाने म्हणाले. "किती दिवस ते सांगत नाही. मीही राहतो. तुम्हाला खाली सोडून परत वर येतो."

त्यासाठी पुन्हा चाक पुरावे लागेल, हे मी त्यांच्या नजरेस आणले. चालत उतरून पायथ्याच्या गावातून एसटी पकडणे मला अधिक सोयीचे आहे, असेही सांगितले. त्यांनी आग्रह केला नाही. ताईच्या घरातल्या कोणाच्या तरी जुन्या वहाणा त्यांनी मला आणून दिल्या आणि उतार सुरू होतो तेथपर्यंत ते सोबत आले. निरोपाचे काही बोलणे झाले नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती. मी बराच खाली गेलो तेव्हा वरून त्यांचा आवाज आला.

"वकीलसाहेब, जपून. घसरलात तर सांगा, दोर सोडतो."

मी दोनदा घसरलो. सांगितले नाही.